कॅलेंडरचा रिमाइंडर वाजतच नाही? आउटलुक आणि थंडरबर्डमध्ये नेमकं कुठे अडतंय ते असं शोधा

रिमाइंडर येत नाही म्हणून कुणी हाक मारतं तोवर त्याने बहुतेक वेळा दहा सेटिंग्ज उलटीसुलटी करून ठेवलेली असतात, नेटवर जे सापडेल ते सगळं करून झालेलं असतं, आणि मग मुळात काय बिघडलं होतं आणि नंतर आपल्या हातून काय बदललं हेच कळत नाही. म्हणून आधी एक विनंती, काहीही बदलायच्या आधी हे एकदा शेवटपर्यंत वाचा, आणि मग एका वेळी एकच गोष्ट बदला. मी मुख्यतः विंडोजवरचं क्लासिक आउटलुक आणि थंडरबर्ड हे मेल आणि कॅलेंडरचे दोन प्रोग्राम धरून लिहितेय कारण माझ्याकडे ऑफिसात हीच दोन आहेत, नवीन आउटलुकबद्दल जिथे वेगळं आहे तिथे सांगतेच. तुमच्याकडचं कुठलं ते स्टार्ट मेनूत बघा, तिथे नावापुढे बहुतेक वेळा क्लासिक किंवा न्यू असं लिहिलेलं असतं.

रिमाइंडर तुमच्या डोळ्यासमोर यायला पाच गोष्टी जमून याव्या लागतात. त्या इव्हेंटला रिमाइंडर लावलेला हवा. तो इव्हेंट या कॉम्प्युटरवर पोचलेला हवा, आणि तोही ज्याचे रिमाइंडर वाजतात अशाच कॅलेंडरमध्ये. प्रोग्राम चालू हवा आणि कॉम्प्युटर झोपलेला नको. प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये रिमाइंडर दाखवायला परवानगी हवी. आणि शेवटी विंडोजने ते नोटिफिकेशन अडवलेलं नको. लोक सरळ पाचव्यावर जातात, विंडोजची नोटिफिकेशन्स चालूबंद करत बसतात, आणि गडबड निघते पहिल्या नाहीतर दुसऱ्या ठिकाणी.

आधी टेस्ट घ्या

आत्ता घड्याळात जे वाजलेत त्याच्या दहा मिनिटं पुढचा एक इव्हेंट बनवा, रिमाइंडर पाच मिनिटं आधीचा लावा, आणि तो तुमच्या मुख्य कॅलेंडरमध्येच सेव्ह करा, शेअर केलेल्या किंवा नंतर जोडलेल्या कॅलेंडरमध्ये नको. मग मेलची विंडो मिनिमाइझ करा, बंद नाही, आणि दुसऱ्या एखाद्या प्रोग्राममध्ये काम करत बसा. पाच मिनिटांनी काय होतं ते नीट बघा.

रिमाइंडर व्यवस्थित आला तर प्रोग्राम ठीक आहे आणि विंडोजही ठीक आहे, तुमचा जो इव्हेंट वाजला नव्हता त्यातच किंवा तो ज्या कॅलेंडरमध्ये आहे तिथे गडबड आहे. रिमाइंडरची विंडो उघडली पण बाकीच्या विंडोंच्या मागे गेली आणि खाली टास्कबारवर नुसताच आयकॉन चमकतोय, असं असेल तर तो वेगळा प्रश्न आहे आणि सोपा आहे. विंडो दिसली पण आवाज नाही, हाही वेगळा. आणि काहीच झालं नाही तर प्रोग्रामची सेटिंग्ज आणि विंडोज या दोन ठिकाणी शोधायचं.

यानंतर दुसरी टेस्ट, तसाच इव्हेंट पण मोबाईलवरून बनवा, त्याच अकाउंटच्या कॅलेंडरमध्ये, फक्त वेळ अर्ध्या तासाने पुढची ठेवा. तो डेस्कटॉपवर दिसायला किती वेळ लागला ते बघा. दिसलाच नाही तर प्रश्न रिमाइंडरचा नाहीच, सिंकचा आहे.

इव्हेंटला रिमाइंडर खरंच लावलेला आहे का

जो इव्हेंट वाजला नाही तो डबल क्लिक करून उघडा. क्लासिक आउटलुकमध्ये वरच्या पट्टीत रिमाइंडर नावाचा एक ड्रॉपडाऊन असतो, तिथे नन दिसत असेल तर उत्तर मिळालं. असं होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे कुणीतरी कधीतरी फाइल, ऑप्शन्स, कॅलेंडर इथे जाऊन डिफॉल्ट रिमाइंडर्सची टिक काढलेली असते. ती टिक असेल तर प्रत्येक नव्या इव्हेंटला आपोआप १५ मिनिटं आधीचा रिमाइंडर लागतो. पण लक्षात ठेवा, आता टिक केली तरी आधी बनवलेल्या इव्हेंटना काही रिमाइंडर लागत नाही, त्यातले महत्त्वाचे एकेक उघडूनच लावावे लागतात. नवीन आउटलुकमध्ये हेच सेटिंग वरच्या गिअरच्या चिन्हात, कॅलेंडरमध्ये, इव्हेंट्स अँड इन्व्हिटेशन्स या भागात मिळेल.

थंडरबर्डमध्ये उलटं आहे. तिथे नव्या इव्हेंटसाठी रिमाइंडर मुळातच बंद असतो, तुम्ही स्वतः निवडला तरच लागतो. आउटलुक सोडून थंडरबर्डवर आलेल्या माणसाला हे कुणी सांगितलेलं नसतं, त्याला वाटतं आपलं सॉफ्टवेअरच खराब आहे. सेटिंग्जमध्ये कॅलेंडर उघडा, खाली रिमाइंडर्सचा भाग आहे, तिथे इव्हेंट्ससाठीचं डिफॉल्ट सेटिंग ऑन करा आणि किती मिनिटं आधी तेही ठरवा. टास्कसाठी वेगळं सेटिंग आहे, तेही बघून घ्या.

आता दिवसभराच्या इव्हेंटबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. समजा तुम्ही टीडीएस भरायची तारीख म्हणून दर महिन्याच्या ७ तारखेला ऑल डे इव्हेंट लावलाय. ऑल डे इव्हेंट सुरू होतो रात्री १२ वाजता, म्हणजे ६ तारीख संपून ७ लागते त्या क्षणाला. क्लासिक आउटलुक त्याला आपोआप १८ तास आधीचा रिमाइंडर लावतं, म्हणजे तो वाजणार ६ तारखेच्या सकाळी ६ वाजता. तेव्हा ऑफिसचा कॉम्प्युटर बंद. तुम्ही दहा वाजता आउटलुक उघडता, तेव्हा रिमाइंडरच्या विंडोत तो ओव्हरड्यू होऊन पडलेला असतो, बाकीच्या चारपाच जुन्या रिमाइंडरसोबत, आणि सकाळच्या घाईत माणूस डिसमिस ऑल दाबून मोकळा होतो. रिमाइंडर आला होता, पण कुणी वाचला नाही. थंडरबर्डमध्ये डिफॉल्ट १५ मिनिटं ठेवलं असेल तर तोच रिमाइंडर ६ तारखेला रात्री पावणेबाराला येणार, त्याचा तर काहीच उपयोग नाही.

यावर उपाय म्हणजे जिथे काम करायचंय अशा तारखांना ऑल डे इव्हेंट वापरूच नका. ६ तारखेला सकाळी ११ ते सव्वाअकरा असा साधा इव्हेंट लावा, रिमाइंडर शून्य मिनिटं म्हणजे बरोबर त्याच वेळेला, आणि आधीची पूर्वसूचना हवी तर ४ तारखेला आणखी एक. जीएसटीआर ३बी या जीएसटीच्या रिटर्नची २० तारीख असो, ॲडव्हान्स टॅक्सचे १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च असोत, हे सगळे असेच कामाच्या वेळेत लावा. वाढदिवसासाठी ऑल डे ठीक आहे.

दुसऱ्याने पाठवलेल्या मीटिंगचंही बघायला हवं. आउटलुकमध्ये निमंत्रण पाठवणाऱ्याने जो रिमाइंडर लावला असेल तोच साधारण तुमच्याकडे येतो. त्याने नन ठेवला असेल तर तुमच्याकडेही नन. ॲक्सेप्ट केल्यावर इव्हेंट उघडून स्वतःला हवा तो रिमाइंडर लावायला काहीच हरकत नाही, तो बदल फक्त तुमच्याकडे होतो, समोरच्याला मेल जात नाही. आणि गूगल कॅलेंडरवर बनवलेला इव्हेंट असेल तर तिथे नोटिफिकेशन आणि ईमेल असे दोन प्रकार असतात, ईमेल निवडलेलं असेल तर पॉपअपऐवजी मेल येतं, आणि ते मेल कुठल्यातरी टॅबमध्ये न वाचता पडलेलं असतं.

कॅलेंडर कुठलं आहे

क्लासिक आउटलुकमध्ये रिमाइंडर वाजतात ते तुमच्या अकाउंटच्या मुख्य कॅलेंडरचे. सहकाऱ्याने शेअर केलेलं कॅलेंडर, टीमचं कॅलेंडर, नेटवरून सबस्क्राइब केलेलं सुट्ट्यांचं किंवा शाळेचं कॅलेंडर, हे सगळं डाव्या बाजूला रंगीत दिसतं, इव्हेंट दिसतात, उघडले तर आत रिमाइंडर लावलेलाही दिसतो, पण तो वाजत नाही. हा बिघाड नाही, ते तसंच चालतं. साहेबांचं कॅलेंडर सांभाळणाऱ्यांना याचा फार त्रास होतो. त्यांनी ज्या मीटिंगचा रिमाइंडर स्वतःला हवा आहे ती मीटिंग आपल्या कॅलेंडरमध्ये कॉपी करावी, किंवा मीटिंग बनवतानाच स्वतःलाही निमंत्रणात घ्यावं, म्हणजे ती मुख्य कॅलेंडरमध्ये येते.

अजून एक नेहमीची गोष्ट. जीमेलचं अकाउंट क्लासिक आउटलुकमध्ये आयमॅपने, म्हणजे नुसते मेल आणणाऱ्या पद्धतीने, जोडलं की फक्त मेल येतात, गूगल कॅलेंडर येत नाही. आउटलुक त्या अकाउंटसोबत जे कॅलेंडर दाखवतं ते फक्त त्या कॉम्प्युटरपुरतं असतं. म्हणजे मोबाईलवर गूगल कॅलेंडरमध्ये टाकलेली डॉक्टरांची अपॉइंटमेंट आउटलुकमध्ये कधीच येणार नाही, आणि आउटलुकमध्ये टाकलेली मोबाईलवर जाणार नाही. दोन्हीकडे कॅलेंडर आहे, दोन्हीकडे तेच अकाउंट आहे, म्हणून माणसाला वाटतं सिंक होतंय. वरची दुसरी टेस्ट सांगितली ती यासाठीच.

आउटलुकमध्ये एकापेक्षा जास्त अकाउंट असतील तर फाइल, अकाउंट सेटिंग्ज, आणि तिथे डेटा फाइल्सच्या टॅबमध्ये कुठल्या नावासमोर डिफॉल्टची खूण आहे ते बघा. जुनी कंपनी सोडली, जुनं अकाउंट तसंच राहिलं आणि डिफॉल्टही तेच राहिलं, अशा वेळी नवे इव्हेंट नकळत जुन्या फाइलमध्ये जात राहतात. योग्य फाइल निवडून सेट ॲज डिफॉल्ट करा आणि आउटलुक बंद करून परत उघडा. सेंड रिसीव्हच्या टॅबमध्ये वर्क ऑफलाइन चुकून दाबलं गेलंय का तेही इथेच बघून घ्या, खाली स्टेटसच्या पट्टीत तसं लिहून येतं.

थंडरबर्डमध्ये प्रत्येक कॅलेंडरला स्वतःचं सेटिंग आहे. डावीकडच्या यादीत कॅलेंडरच्या नावावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. तिथे शो रिमाइंडर्स अशी एक टिक असते, ती नसेल तर त्या कॅलेंडरचा एकही रिमाइंडर येणार नाही, बाकी सगळं कितीही बरोबर असलं तरी. तिथेच रिफ्रेश किती मिनिटांनी करायचं तेही असतं, नेटवरच्या कॅलेंडरला ते साधारण ३० मिनिटं असतं. म्हणजे कुणी तुम्हाला वीस मिनिटांनंतरची मीटिंग लावली तर ती थंडरबर्डला कळेपर्यंत सुरूही झालेली असेल. ज्यांच्या मीटिंग ऐनवेळी ठरतात त्यांनी हे ५ मिनिटांवर आणावं.

आणि तिथेच रीड ओन्ली लिहिलंय का बघा. गूगल कॅलेंडरची सीक्रेट लिंक टाकून कॅलेंडर जोडलं असेल तर ते फक्त वाचण्यापुरतं असतं, त्यात डिसमिस किंवा स्नूझ केलेलं नीट नोंदवलं जात नाही, आणि हुकलेले रिमाइंडर नंतर दाखवायची सोयही फक्त लिहिता येणाऱ्या कॅलेंडरसाठीच आहे. अशी लिंक काढून टाका, न्यू कॅलेंडर, ऑन द नेटवर्क, तिथे आपला जीमेलचा पत्ता टाका, फाइंड कॅलेंडर्स दाबा, गूगलचं लॉगिन येईल ते करा, मग ते लिहिता येणारं कॅलेंडर म्हणून जोडलं जातं. लॉगिनची खिडकी उघडून परत बंद होत असेल तर थंडरबर्डच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये कुकीजना परवानगी आहे का ते बघा.

प्रोग्राम चालू आहे का, लॅपटॉप जागा आहे का

हे सांगायची गरज नाही असं वाटतं, पण आहे. क्लासिक आउटलुक किंवा थंडरबर्ड वरच्या फुलीने बंद केलं की रिमाइंडरही बंद. मोबाईलवर ॲप बंद असलं तरी नोटिफिकेशन येतं, त्याची सवय झालीय म्हणून डेस्कटॉपवरही तसंच असेल असं वाटतं. लिनक्सवर इव्होल्युशन हा मेल आणि कॅलेंडरचा प्रोग्राम वापरणाऱ्यांचं वेगळं आहे, तिथे रिमाइंडर दाखवणारा छोटा प्रोग्राम मागे वेगळा चालू असतो, पण आउटलुक आणि थंडरबर्डचं तसं नाही.

कॉम्प्युटर चालू झाल्यावर मेलचा प्रोग्राम आपोआप उघडायला हवा असेल तर विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, येणाऱ्या चौकटीत इंग्रजीत शेल, त्यापुढे कोलन, त्यापुढे स्टार्टअप असं सगळं जोडून टाइप करा, एंटर मारा, जो फोल्डर उघडेल त्यात आउटलुकचा किंवा थंडरबर्डचा शॉर्टकट टाका.

लॅपटॉप स्लीपमध्ये गेला तर त्या काळातले रिमाइंडर वाजत नाहीत, उठल्यावर एकदम येतात. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, पॉवर, तिथे स्क्रीन आणि स्लीपच्या वेळा वेगवेगळ्या असतात. स्क्रीन बंद झाली तर चालेल, रिमाइंडरचा आवाज येतो, स्लीप मात्र चार्जर लावलेला असताना बंद किंवा निदान तासदीडतास लांब ठेवा. झाकण मिटल्यावरही स्लीप होते हे विसरू नका, जेवायला जाताना झाकण मिटून गेलात आणि दोनची मीटिंग हुकली, हे दर आठवड्याला कुणाचं तरी होतं.

इथे आउटलुकमधलं एक सेटिंग फार त्रास देतं. फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड, तिथे रिमाइंडर्सच्या भागात होऊन गेलेल्या इव्हेंटचे रिमाइंडर आपोआप डिसमिस करायची टिक आहे. ती असेल आणि मीटिंग संपल्यावर तुम्ही लॅपटॉप उघडलात तर तुम्हाला कळतही नाही की काही हुकलं. ज्यांच्या कॅलेंडरमध्ये नुसत्या मीटिंगच नाहीत तर करायची कामंसुद्धा आहेत, त्यांनी ही टिक काढावी असं माझं स्पष्ट मत आहे. मीटिंग हुकली तर हुकली, पण चलन भरायचं राहिलं असेल तर ते दुपारी तरी समोर यायला हवं.

प्रोग्रामच्या आतली सेटिंग्ज

त्याच ॲडव्हान्स्डच्या पानावर शो रिमाइंडर्स ही टिक हवीच. तिच्या खाली रिमाइंडरचा आवाज वाजवायची टिक आणि पुढे फाइलचं नाव असतं, रिमाइंडर डॉट डब्ल्यूएव्ही, ब्राउझ दाबून दुसरी डब्ल्यूएव्ही फाइल देता येते. आणि अजून एक टिक आहे, बाकीच्या विंडोंच्या वर रिमाइंडर दाखवा अशा अर्थाची, शो रिमाइंडर्स ऑन टॉप ऑफ अदर विंडोज. विंडो मागे लपते ती तक्रार या एका टिकने जाते. दोन मॉनिटर असतील तर काढून टाकलेल्या मॉनिटरवर विंडो उघडतेय असंही होतं, तेव्हा व्ह्यू टॅबमधलं रिमाइंडर्स विंडो बटण दाबा, ती उघडली पण दिसत नसेल तर ऑल्ट आणि टॅबने तिच्यावर जा आणि विंडोजचं बटण धरून शिफ्टसोबत डावा किंवा उजवा बाण दाबा, विंडो दुसऱ्या स्क्रीनवर सरकते.

थंडरबर्डमध्ये सेटिंग्ज, कॅलेंडर, रिमाइंडर्स इथे तीन टिक बघायच्या, आवाज वाजवा, रिमाइंडरची विंडो दाखवा, आणि हुकलेले रिमाइंडर दाखवा. तिन्ही हव्यात. थंडरबर्डची रिमाइंडरची विंडो कधीकधी मागेच उघडते, आउटलुकसारखी वर ठेवायची टिक तिथे नाही, म्हणून आवाज चालू ठेवणं तिथे जास्त महत्त्वाचं.

आवाजच येत नाही अशी तक्रार असेल तर टास्कबारवरच्या स्पीकरवर राइट क्लिक करून व्हॉल्यूम मिक्सर उघडा. विंडोज प्रत्येक प्रोग्रामचा आवाज वेगळा लक्षात ठेवतं, आणि तिथे नेमकं मेलच्या प्रोग्रामचं म्यूट केलेलं सापडतं. हेडफोन जोडलेला असेल आणि कानात नसेल तर आवाज तिथेच जातोय.

विंडोज अडवतंय का

क्लासिक आउटलुकची रिमाइंडरची विंडो आणि थंडरबर्डची विंडो या त्या प्रोग्रामच्या स्वतःच्या विंडो आहेत, उजव्या कोपऱ्यात सरकत येणारी विंडोजची नोटिफिकेशनची पट्टी नाही. म्हणून डू नॉट डिस्टर्ब चालू असलं तरी त्या साधारण उघडतात. नवीन आउटलुकचं मात्र विंडोजच्या नोटिफिकेशनवर बरंच अवलंबून आहे. तेव्हा तुमचं नवीन आउटलुक असेल तर हा भाग नीट करा, क्लासिक असेल तर इथे फार वेळ घालवू नका.

सेटिंग्ज, सिस्टिम, नोटिफिकेशन्स उघडा. वरचं मुख्य बटण चालू हवं, खालच्या यादीत आउटलुक चालू हवं, आणि त्याच्या नावावर क्लिक केल्यावर आत बॅनर आणि आवाज दोन्ही चालू हवेत. यादीत आउटलुकचं नावच नसेल तर घाबरू नका, प्रोग्रामने एकदा तरी नोटिफिकेशन पाठवल्यावर ते नाव तिथे येतं, स्वतःला एक टेस्ट मेल पाठवून बघा.

त्याच पानावर विंडोज ११ मध्ये डू नॉट डिस्टर्ब आपोआप चालू व्हायचे नियम आहेत. ठरावीक वेळेत, स्क्रीन डुप्लिकेट केलेली असताना, गेम खेळताना, एखादं ॲप फुल स्क्रीन असताना. प्रोजेक्टरला लॅपटॉप जोडून डुप्लिकेट केला की नोटिफिकेशन बंद, म्हणजे एक मीटिंग चालू असताना पुढच्या मीटिंगचा रिमाइंडर येतच नाही. शिकवणाऱ्यांना आणि ट्रेनिंग घेणाऱ्यांना हे बरोबर नडतं. हे नियम सरसकट काढू नका, सगळ्यांसमोर स्क्रीनवर खासगी मेल येऊ नयेत म्हणूनच ते आहेत, त्याऐवजी प्रायॉरिटी नोटिफिकेशनच्या यादीत आउटलुक टाका. विंडोज १० मध्ये हेच सगळं फोकस असिस्ट या नावाने आहे. अडवलेली नोटिफिकेशन्स हरवत नाहीत, विंडोज ११ मध्ये विंडोजचं बटण आणि एन दाबलं की उजवीकडे साचलेली दिसतात. तिथे तुमचा टेस्टचा रिमाइंडर सापडला तर अडवणारं विंडोजच, हे पक्कं.

नवीन आउटलुकमध्ये याशिवाय गिअर, जनरल, नोटिफिकेशन्स इथे कॅलेंडरचं वेगळं बटण आहे, तेही चालू हवं.

रिमाइंडर येतो, पण भलत्याच वेळी

सगळे रिमाइंडर बरोबर अर्ध्या तासाने चुकत असतील तर टाइमझोन बघा. विंडोजच्या यादीत चेन्नई, कोलकाता, मुंबई, न्यू दिल्ली असा साडेपाच तासांचा झोन आहे, आणि त्याच्या अगदी जवळ इस्लामाबाद, कराची हा पाच तासांचा. कॉम्प्युटर नवीन घेतला तेव्हा कुणी चुकून कराचीचा निवडला, घड्याळ अर्धा तास मागे दिसलं म्हणून हाताने पुढे केलं, की घड्याळ बरोबर दिसतं आणि आतून सगळं चुकलेलं असतं. अकराची मीटिंग तुम्हाला साडेदहाला दिसते, रिमाइंडर अर्धा तास आधी येतो, आणि तुम्ही अकराला लावलेली मीटिंग इतरांकडे साडेअकराला जाते. सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, डेट अँड टाइम, तिथे झोन आधी बरोबर करा, मग वेळ आपोआप सेट व्हायचं चालू करा आणि सिंक नाऊ दाबा. थंडरबर्डच्या कॅलेंडर सेटिंगमध्ये टाइमझोन वेगळाही ठेवता येतो, तिथे एशिया कोलकाता किंवा सिस्टिमचाच झोन असायला हवा.

परदेशातल्या टीमसोबत काम करणाऱ्यांना मार्च, ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमध्ये वेगळाच त्रास होतो. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे आणतात. ब्रिटन आणि युरोपात मार्चचा शेवटचा रविवार आणि ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. आपल्याकडे असं काही नाही. त्यामुळे न्यूयॉर्कची सकाळी ९ ची मीटिंग हिवाळ्यात आपल्या संध्याकाळी साडेसातला असते आणि उन्हाळ्यात साडेसहाला, लंडनची सकाळी १० ची हिवाळ्यात साडेतीनला आणि उन्हाळ्यात अडीचला. मीटिंग तिकडच्या माणसाने लावली असेल तर ती तुमच्या कॅलेंडरमध्ये आपोआप सरकते. पण ती तुम्ही स्वतः आपल्या वेळेत, दर सोमवारी साडेसात अशी लावली असेल तर ती सरकणार नाही, आणि मार्चमध्ये एका सोमवारी तिकडचे सगळे तुमच्या एक तास आधी येऊन बसलेले असतील. अशी मीटिंग लावताना क्लासिक आउटलुकमध्ये टाइम झोन्सचं बटण दाबून झोन तिकडचा, म्हणजे ईस्टर्न टाइम वगैरे निवडा, सकाळी ९ लिहा, आणि मग रिकरन्स, म्हणजे मीटिंग किती दिवसांनी परत यायची ते, लावा. थंडरबर्डमध्ये इव्हेंटच्या विंडोत ऑप्शन्स मेनूतून टाइमझोन दाखवायचं चालू केलं की वेळेशेजारी झोन येतो, त्यावर क्लिक करून बदलता येतो.

डिसमिस केलेला रिमाइंडर परत परत येतोय

क्लासिक आउटलुक कधीकधी सांगतं, कॅनॉट टर्न ऑफ रिमाइंडर, यू मे बी रिमाइंडेड अगेन, आणि खरंच परत येतो. आधी तो मूळ इव्हेंट उघडून रिमाइंडर नन करा आणि सेव्ह करा. रिपीट होणारा असेल तर पूर्ण सिरीज उघडा, एकटा दिवस नाही. तेवढ्याने नाही गेला तर आउटलुक पूर्ण बंद करा, विंडोजचं बटण आणि आर, आणि इंग्रजीत आउटलुक डॉट ईएक्सई, एक स्पेस, मग स्लॅश, आणि स्लॅशला चिकटून क्लीनरिमाइंडर्स हा एकच शब्द टाइप करून एंटर. यात रिमाइंडरची आतली यादी पुसून नव्याने तयार होते, इव्हेंट जात नाहीत, पण जुने डिसमिस न केलेले रिमाइंडर एकदम समोर येऊ शकतात तेव्हा ते वाचून मग डिसमिस करा. अजिबातच न येणाऱ्या रिमाइंडरवरसुद्धा हा उपाय लागू पडतो. नवीन आउटलुकमध्ये ही कमांड चालत नाही.

थंडरबर्डमध्ये परत परत येणारा रिमाइंडर बहुतेक रीड ओन्ली कॅलेंडरचा असतो, त्याचं वर सांगितलंच. आणि थंडरबर्ड डिसमिस केल्याची नोंद इव्हेंटमध्ये स्वतःच्या खास खुणेने लिहून ठेवतं, ती दुसऱ्या थंडरबर्डला वाचता येते, मोबाईलच्या कॅलेंडरला नाही, म्हणून तोच रिमाइंडर इथे बंद केला तरी मोबाईलवर वाजणारच.

एवढं करूनही नाही झालं तर

आउटलुक सेफ मोडमध्ये उघडा, तशीच कमांड पण स्लॅशनंतर सेफ. यात बाहेरचे ॲडइन, म्हणजे आउटलुकला जोडलेले छोटे जादा प्रोग्राम, चालू होत नाहीत. इथे टेस्टचा रिमाइंडर वाजला तर कुठलंतरी ॲडइन मध्ये येतंय, फाइल, ऑप्शन्स, ॲडइन्समधून सगळी बंद करून एकेक चालू करत बघा. थंडरबर्डमध्ये हेल्प मेनूत ट्रबलशूट मोड आहे. थंडरबर्डची मोठी आवृत्ती आली की जुनी ॲडऑन, खास करून कॅलेंडरची, चालेनाशी होतात, त्यातून रिमाइंडर गप्प होतात. कंट्रोल, शिफ्ट आणि जे दाबल्यावर एरर कन्सोल उघडतो, त्यात रिमाइंडरच्या वेळेला लाल ओळ येतेय का बघा, आली तर तिचा फोटो काढून ठेवा.

ऑफिसचा कॉम्प्युटर असेल तर यापुढे आयटीवाल्यांकडे जा, काही सेटिंग्ज कंपनीने वरून लॉक केलेली असतात आणि ती आपल्याला राखाडी दिसतात. जाताना त्यांना नुसतं रिमाइंडर येत नाही असं सांगू नका. क्लासिक की न्यू, टेस्टचा इव्हेंट वाजला का, कुठल्या कॅलेंडरमध्ये होता, मोबाईलवरून केलेला दिसला का, सेफ मोडमध्ये काय झालं, एवढ्या पाच गोष्टी मेलमध्ये लिहून द्या, त्यांचाही वेळ वाचतो आणि ते तुमचं प्रोफाइल नव्याने बनवायच्या आधी दोनदा विचार करतील. आणि हे सगळं सुरळीत होईपर्यंत इंटरव्ह्यू, ऑपरेशनची तारीख, व्हिसाची वेळ अशा गोष्टींचा अलार्म मोबाईलच्या घड्याळातही लावून ठेवा, कॅलेंडरमध्ये नाही, घड्याळात, त्याला ना सिंक लागतं ना नेट.